एरियलचं हिरवं पुस्तक

एरियलला सगळं माझ्या आधी ऐकू यायचं. नळाला पाणी येण्याआधी नळ घसा खाकरल्यासारखा एक आवाज करतो. आमच्या इमारतीत तो आवाज फक्त त्यालाच कळायचा आणि बाकीची बिऱ्हाडं जागी होईपर्यंत त्याच्या घरची पिंपं भरलेली असायची. शाळेला सुट्टी जाहीर झाल्याचं शिपाई नोटीस घेऊन वर्गात पोचायच्या आत त्याला ठाऊक असायचं. पुढे मोठेपणी माझी नागपूरला बदली झाली, तीही मला त्यानेच सांगितली. बँकेचा कागद नंतर आला. बोलता बोलता तो मध्येच थांबायचा, मान जराशी कलती करायचा, एक बोट वर धरायचा आणि म्हणायचा, “थांब. येतंय.” आणि खरोखरच काहीतरी यायचं. कधी पाणी, कधी पाहुणे, कधी वाईट बातमी.

हजेरीपटात त्याचं नाव श्रीधर होतं, पण ते मास्तरांखेरीज कुणी वापरत नसे. पाचवीतच तो वर्गात सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होता आणि रुंदी द्यायची मात्र देव विसरला होता. त्याला एरियल हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच सांगता यायचं नाही. त्याला त्याचा राग नव्हता. “काठी म्हणाला असतात तर मी काय करणार होतो?” तो म्हणायचा. “एरियल निदान उपयोगाची तरी असते.”

मी त्याचा मत्सर करायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मैत्रीचा ओलावा वगैरे शोधत बसायला नको. गणितात त्याला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडायचे, आणि ‘पेपर सोपा होता’ असं तो वर म्हणायचा. कॅरममध्ये राणी त्याचीच. सदाशिव पेठेतल्या ज्या तीन मजली इमारतीत आम्ही दोघं वाढलो, तिथे आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि एरियल तळमजल्यावर. सार्वजनिक नळ नेमका त्याच्या दारासमोर. मी बादल्या घेऊन दोन जिने चढायचो आणि तो ओट्यावर बसून “हळू रे, सांडतंय,” म्हणायचा. माणसाच्या मनात विष कालवायला एवढं पुरेसं असतं.

सातवीत असताना त्याला वाचनालयात एक पुस्तक सापडलं. घरच्या घरी रेडिओ कसा करावा, याचं. विजेचं कनेक्शन नको, सेल नको. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तार, एक डायोड, एक हेडफोन, गच्चीवर ताणलेली एरियल आणि जमिनीत जाणारी दुसरी एक तार, एवढ्यावर तो रेडिओ म्हणे पुणे केंद्र पकडायचा. फुकटात बोलणारी वस्तू म्हटल्यावर पेठेत खळबळ उडणारच. पुस्तक अर्थातच आधी त्याला मिळालं. त्याने ते मुदत संपेपर्यंत ठेवलं, मग मला मिळालं. त्याचा रेडिओ पहिल्याच संध्याकाळी बोलला. जमिनीची तार त्याने दारातल्या लोखंडी नळाला बांधली होती. माझा रेडिओ बोलला नाही. कुरकुरलासुद्धा नाही. मी कॉइल पुन्हा गुंडाळली, डायोड उलटा करून पाहिला, गच्चीवरची तार लांबवली. काही नाही. “नळ त्याच्या दारात आहे, म्हणून,” असं मी सगळ्यांना सांगत फिरलो आणि एरियलकडे मात्र गेलो नाही. मेलो असतो, पण त्याला विचारलं नसतं.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ते कधीच विसरलो असतो. पण त्या रेडिओने माझे बाबा नेले.

बाबा सरकारी कचेरीत लघुलेखक होते. साहेब बोलायचे आणि बाबा ते भराभर रेघोट्यांत उतरवून घ्यायचे. दिवसभर दुसऱ्याचं ऐकायचं काम, त्यामुळे घरी आल्यावर ऐकायचा कंटाळा येत असेल, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. आमच्याकडे जेवायला बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. बाबांच्या उजव्या हाताला मी, कारण मी थोरला मुलगा. आजोबांच्या वेळेपासून तसंच चालत आलेलं. डाव्या हाताला शैला, माझी धाकटी बहीण. मी शाळेतलं, मैदानातलं, रस्त्यातलं सगळं बाबांना सांगायचो. ते भात कालवत राहायचे. मध्येच एकदा माझ्या हाताकडे बघायचे. मला वाटायचं, पोळीचा तुकडा हातात धरून हातवारे करतो म्हणून रागावले. आणि शैलाने नुसतं “बाबा, आज ना,” म्हटलं की घास थांबवून “हं, काय झालं?” विचारायचे. मुलगी लाडकी असते, हे मी ऐकून होतो. तरी रोज ताटावर त्याचा पुरावा मिळाला की जेवण गोड लागत नाही.

असे हे बाबा एरियलचा रेडिओ ऐकायला खाली जायला लागले. पहिल्या दिवशी “बघू तरी” म्हणून गेले. मी गॅलरीतून बघत होतो. एरियलच्या वडिलांनी जुन्या बाजारातून एक जड, दोन कानांचा हेडफोन आणला होता. बाबांनी तो घेतला, एकदा या कानाला लावला, एकदा त्या कानाला लावला, पुन्हा या कानाला. एवढं कौतुक त्यांनी माझ्या प्रगतिपुस्तकाचंही कधी केलं नव्हतं. मग ते रोज जायला लागले. कचेरीतून आले, चहा घेतला, की खाली. ओट्यावर एरियल आणि माझे बाबा खांद्याला खांदा लावून बसलेले, हेडफोनची पट्टी दोघांच्या मध्ये ताणलेली, एक कान बाबांच्या वाट्याला, एक एरियलच्या. एरियल बोट वर करून म्हणायचा, “थांबा काका, येतंय,” आणि माझे बाबा, ज्यांनी माझं एक वाक्य पुरतं ऐकलं नव्हतं, ते शहाण्या मुलासारखे थांबायचे. जेवताना एकदा म्हणाले, “त्या श्रीधरच्या हातात विद्या आहे.” माझा मुका रेडिओ तेव्हा त्यांच्या पाठीमागच्याच फडताळात होता. दुसऱ्या दिवशी मी तो मोडला आणि कॉइलची तार आईला पडदा अडकवायला देऊन टाकली.

यावर पन्नासेक वर्षं लोटली. एरियल एका कारखान्यात मेंटेनन्सला लागला, मी बँकेत. बाबा गेले, आई गेली. इमारत पाडून तिथे नवी झाली आणि तिच्यात मला दुसऱ्याच मजल्यावर फ्लॅट मिळाला. एरियल मुलाकडे वाघोलीला राहायला गेला, बाराव्या मजल्यावर. दर रविवारी मात्र तो बसने सकाळी पेठेत यायचा आणि आम्ही टिळक रोडच्या एका जुन्या हॉटेलात चहा घ्यायचो. तो नेहमी माझ्या आधी येऊन बसलेला असायचा, भिंतीकडची चांगली खुर्ची पकडून.

अशाच एका रविवारी तो म्हणाला, “नंदू, ते पुस्तक आठवतं?”

“कोणतं?” मी विचारलं. मला कळलं होतं.

“रेडिओचं. हिरवं.”

“पिवळं.”

“हिरवं रे. वर हेडफोन लावलेला मुलगा होता.”

“मुलगा होता. पण पुस्तक पिवळं होतं.”

“तुझ्याकडे ते आलं तेव्हा उन्हाने पिवळं पडलं असेल,” तो म्हणाला आणि त्याने माझ्या बशीतली खारी उचलली.

पुस्तकाचं नाव ना त्याला आठवत होतं, ना मला. लेखकाचं तर नाहीच. मला बाहेरचं आठवत होतं, मुलगा, त्याची हाफ पँट, पुठ्ठ्याचा कोपरा. त्याला आतलं. कॉइलला किती वेढे, कोणत्या पानावर कोणती आकृती, हे तो डोळे मिटून सांगायचा. “मग पुस्तक कशाला हवं?” मी विचारलं. तो म्हणाला, “घरात स्पीकरला नुसतं सांगितलं की गाणं लागतं. सून सांगते, नातू सांगतो, मीही सांगतो. पण ते मी पकडलेलं नसतं ना. एकदा परत तो रेडिओ करायचाय. पान उघडून, त्यात लिहिल्याप्रमाणे. पहिल्यासारखा.”

त्याला पहिल्यासारखा करायचा होता. माझ्या बाबतीत ‘पहिल्यासारखा’ला काही अर्थच नव्हता. चहा संपेपर्यंत माझा निश्चय झाला. या वेळी पुस्तक आधी माझ्या हातात पडेल. या वेळी आधी माझा रेडिओ बोलेल, आणि तो मी एरियलच्या कानाला लावीन. साठी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही, असं बायको म्हणाली. तिचे वडील तिच्याशी बोलायचे, तिला काय कळणार?

मी वाचनालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, “पुस्तकाचं नाव?”

“आठवत नाही.”

“लेखक?”

“तेही नाही.”

“मग आपल्याला आठवतं काय?”

“पिवळं आहे.”

“इथली सगळीच आता पिवळी आहेत,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं. “मागच्या आठवड्यात एक उंच गृहस्थ येऊन गेले. त्यांना हिरवं हवं होतं. आपण दोघं आधी एकमेकांत ठरवून का येत नाही?”

म्हणजे इथेही तो आधी. अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे गेलो. तिथेही “ते उंच काका” येऊन गेलेले. रद्दीवाल्यांकडे गेलो, तिथे त्याने चहासुद्धा घेतला होता. रेडिओची हौस असणाऱ्यांच्या एका ग्रुपवर मी मजकूर टाकला, तर कुणा पोराने लिहिलं, “अंकल, व्हिडिओ बघा की, पुस्तक कशाला?” त्याखाली एरियलने अंगठा दाखवला होता. तो त्या ग्रुपमध्ये होता हेही मला तेव्हाच कळलं.

मग मी डोकं चालवलं. पुस्तक वाचणारी मुलं पुस्तकात राहत नाहीत, ती सामान आणायला जातात. बुधवार पेठेत रेडिओच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. त्यांतलं सगळ्यांत जुनं मुनीरभाईंचं. आम्ही डायोड आणायला गेलो होतो तेव्हा गल्ल्यावर त्यांचे वडील असायचे. मुनीरभाईंना मी पुस्तकाचं वर्णन केलं आणि ते हसायलाच लागले.

“त्या पुस्तकानं अब्बांना वात आणला होता, साहेब. पोरं यायची, पान उघडून वाचत उभी राहायची. वैतागून अब्बांनी एक प्रत दुकानातच ठेवली. माळ्यावर असेल. पण एक उंच साहेब आधी सांगून गेलेत. शोधून ठेवा म्हणाले.”

“तो माझा मित्रच,” मी म्हणालो. “मी पोचवतो.”

“नक्की?”

“अहो, शाळेपासूनची दोस्ती आहे.”

“म्हणून तर विचारतोय,” मुनीरभाई म्हणाले.

त्यांनी माळ्यावरून पुस्तक काढलं आणि कपड्याने पुसून माझ्यापुढे ठेवलं. त्याला मूळचं वेष्टनच नव्हतं. कुणीतरी त्याला तपकिरी पुठ्ठ्याची बांधणी केली होती. नावाचं पान गेलेलं, मधली काही पानं कसरीने खाल्लेली. पण कॉइलची आकृती पाहिली आणि ओळख पटली. हेच ते. मुनीरभाईंनी वर तार, डायोड आणि एक जुना दोन कानांचा हेडफोन दिला; हल्लीची कानात घालायची बोंडं असल्या रेडिओवर चालत नाहीत, म्हणाले. पुस्तक पिशवीत टाकून मी लक्ष्मी रोडवरून घरी आलो तो वरात निघाल्यासारखा. आयुष्यात पहिल्यांदा मी एरियलच्या आधी पोचलो होतो.

त्याला मी कळवलं नाही. “पोचवायचं होतं ना?” बायकोने विचारलं. “वाघोली लांब आहे,” मी म्हणालो. पुढचा रविवार मी सर्दीच्या नावावर चुकवला. स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या पुठ्ठ्याच्या नळीवर तार गुंडाळली, एकाला एक लागून, पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. एरियल म्हणून एक तार गॅलरीतून पलीकडच्या नारळापर्यंत ताणली. जमिनीची तार सिंकच्या नळाला पक्की आवळली. आता नळ माझ्या घरात होता. सगळं जोडलं, हेडफोन डोक्याला लावला आणि डोळे मिटले.

काही नाही. कुरकुरसुद्धा नाही. तोच सातवीतला मुकेपणा, जसाच्या तसा.

दोन दिवस मी त्याच्याशी झगडलो. मग मात्र, इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते केलं. एरियलला फोन केला.

“पुस्तक मिळालं,” मी म्हणालो.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “तू दुकानाची पायरी उतरत होतास तेव्हाच मुनीरभाईंचा फोन आला होता. म्हटलं बघू, किती दिवस दडवतो. रेडिओ बोलत नाहीये ना?”

“नाही.”

“येतो.”

दुपारी तो आला. दाढीचं एक जुनं पातं कागदात गुंडाळून खिशात घालून आला होता. पुस्तकाला त्याने आधी हात लावला नाही. कॉइल उचलली, खिडकीशी नेली आणि तारेचं टोक माझ्यासमोर धरलं. “खरवडलंस?”

“काय खरवडायचं? तांब्याचीच तार आहे की.”

“वर रोगण असतं रे. तांब्याच्याच रंगाचं. जिथे जोडायची तिथे ते खरवडून काढावं लागतं, नाहीतर तार नुसती बांधलेली राहते, जोडली जात नाही. कॉइलच्या मागच्याच पानावर आहे.” त्याने पुस्तक उघडलं. ते पान कसरीने खाल्लं होतं. “बरं, या वेळी तुला माफ,” तो म्हणाला.

“या वेळी म्हणजे?”

“तेव्हाही हेच झालं होतं. तुझ्या आईकडे साखर मागायला म्हणून तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा फडताळात दिसला तुझा रेडिओ. टोकं चकचकीत होती. खरवडली असती तर फिकट दिसली असती.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलंस कुठे? मी वाट बघत होतो.”

“कधीपर्यंत बघणार होतास?”

“बघतच होतो की. आज विचारलंस.”

त्याने पात्याने टोकं खरवडली. मग सिंकखाली वाकला आणि म्हणाला, “नंदू, तोटी स्टीलची आहे, मागचा पाइप प्लास्टिकचा. याला बांधलेली तार जमिनीत कशी जाणार?” मग त्याने गॅलरीतून खाली तार सोडली आणि स्वतः जिना उतरून ती आवारातल्या बोअरच्या लोखंडी पाइपला बांधून आला. बोअर नेमकी आमच्या गॅलरीखाली आहे. “घे,” धापा टाकत तो म्हणाला. “आला नळ तुझ्या दारात.”

मी हेडफोनची पट्टी वाकवून दोन्ही कान मोकळे केले. माझ्या उजव्या हाताला खुर्ची रिकामी होती. एरियल मात्र टेबलाला वळसा घालून माझ्या डावीकडे आला आणि तिथल्या स्टुलावर बसला.

“इकडे बस की, खुर्ची आहे.”

“असू दे. इकडूनच सवय आहे. काकांना डाव्याच कानाला द्यायला लागायचा ना.”

“का?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “का म्हणजे? त्यांचा उजवा कान गेला होता. तुला माहीत नाही?”

मी नाही म्हणून मान हलवली. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “मला वाटलं, रिटायर झाल्यावर तरी सांगितलं असेल त्यांनी.” म्हातारपणी बाबांना कमी ऐकू येत होतं, पण ते सगळ्यांनाच येतं. त्याहून आधीचं मला काहीच ठाऊक नव्हतं.

मग त्याने सांगितलं. “पहिल्यांदा ते माझा रेडिओ ऐकायला आलेच नव्हते. कान तपासायला आले होते. कचेरीत साहेबांचे शब्द सुटायला लागले होते. उजव्या कानाला लावायचे आणि मला विचारायचे, ‘चालू आहे का रे?’ चालू असायचा. डाव्याला लावायचे, मान हलवायचे. पुन्हा उजव्याला, पुन्हा तेच, ‘चालू आहे ना रे?’ थोड्या दिवसांनी विचारायचे थांबले.”

“डॉक्टरकडे का नाही गेले?”

“पेठेतला डॉक्टर म्हणजे दवंडी. लघुलेखकाला एका कानाने ऐकू येत नाही, हे कचेरीत कळलं असतं तर काय झालं असतं? मला म्हणाले, श्रीधर, हे तुझ्या-माझ्यात. मग रोज यायचे. दुसरा कान शाबूत आहे ना, एवढं बघून जायचे.”

“मी रोज त्यांच्या उजवीकडे बसून जेवायचो,” मी म्हणालो.

“ते बोलले होते मला. मी म्हटलं, काका, नंदूला डावीकडे घ्या. तर म्हणाले, जागा बदलली की घरात प्रश्न सुरू होतील. आणि त्याला कळलं की मला ऐकू येत नाही, तर तो बोलायचा बंद होईल. बोलू दे त्याला. बोलताना हातातली पोळी हलवतो, ती बघत जेवतो मी.”

मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, पण ते नंतर, बरंच नंतर. त्या घटकेला उसळला तो निव्वळ मत्सर, आजवर कधी वाटला नव्हता असा. गणिताचे मार्क, नळ, रेडिओ, सगळं मी त्याला देऊन टाकलं असतं. पण बाबांच्या भीतीत त्याचा वाटा होता आणि माझा नव्हता. ते माझ्या हाताकडे का बघायचे, हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो दर रविवारी माझ्या बशीतली खारी खात होता. मी त्याला तसं बोलूनही दाखवलं. म्हणालो, “माझे बाबा तुला मिळाले.”

“निम्मे,” एरियल म्हणाला. “उरलेला वेळ ते तुझ्याबद्दलच बोलायचे. मलाही कंटाळा यायचा.”

एवढं बोलून त्याने मान कलती केली आणि बोट वर धरलं. “थांब. येतंय.” त्याने एक कान माझ्या डाव्या कानाला लावला, दुसरा स्वतःच्या. अगदी लांबून, भांड्याच्या तळाशी कुणी बोलावं तसा एक माणूस बोलत होता. माझ्या हातच्या रेडिओवर मी ऐकलेलं पहिलं वाक्य उसावरच्या खोडकिडीबद्दल होतं. आम्ही दोघांनी ते सगळं ऐकलं, औषध फवारण्याच्या वेळेसकट. आम्हा दोघांकडे मिळून एक कुंडी तुळस होती.

जाताना मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने आधी सांगून ठेवलं होतं, तेव्हा ते त्याचंच. त्या संध्याकाळी मी शैलाला फोन करून विचारलं, बाबांच्या कानाचं तुला माहीत होतं का. तिलाही नव्हतं. तेवढं तरी बरं झालं.

त्यानंतर एरियल रविवारी हॉटेलातला चहा झाला की माझ्याकडे यायला लागला. वाघोलीला त्याच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने गच्चीवर तार ताणायला मनाई केली होती, दिसायला बरं दिसत नाही म्हणून. त्यामुळे त्याचा रेडिओ झालाच नाही आणि माझा झाला. मी त्याला हे वरचेवर ऐकवायचो. तो न चुकता माझ्या डावीकडे बसायचा. बाबांबद्दल मी एकेक विचारायचो, काय बोलायचे, कधी हसायचे का, आणि तो पुरवून पुरवून सांगायचा. सगळं एकदम दिलं तर मी खारी देणार नाही, अशी त्याला शंका होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो आला नाही. भिंतीकडची खुर्ची रिकामी दिसली आणि मी ती चटकन पकडली. चहा मागवला, त्याचाही. तो निवला. मग वाघोलीहून त्याच्या मुलाचा फोन आला. पहाटे झोपेतच. ही एकच बातमी अशी, की ती त्याने मला आधी सांगितली नाही.

भेटायला गेलो तेव्हा त्याच्या सुनेने पुस्तक आणून माझ्या हातात दिलं. “बाबांनी सांगून ठेवलं होतं, हे तुम्हाला द्यायचं.” मी बघतच राहिलो. त्या तपकिरी पुठ्ठ्यावर एरियलने छान हिरवागार कागद चढवला होता, कोपरे दुमडून, शाळेच्या पुस्तकांना घालतात तसा.

“खूप वाद घालायचे म्हणे तुम्ही दोघं यावरून,” ती म्हणाली. “काका, खरं कोणत्या रंगाचं होतं हो ते?”

मला तो मुलगा दिसत होता, त्याची हाफ पँट, पुठ्ठ्याचा कोपरा आणि तो पिवळा रंग.

“हिरवं,” मी म्हणालो. “हिरवंच होतं.”